लाल म्हणजे गार

निळसर तारा जास्त तापलेला आणि लाल तारा त्या मानाने गार, हे सांगितलं की पहिल्यांदा कुणी मानत नाही. हिंजवडीच्या आमच्या ऑफिसात वर्षातून एकदा मला संध्याकाळी गच्चीवर उभं करून आकाशदर्शन करायला लावतात. मी मृग नक्षत्रातला तांबूस तारा, काक्षी, दाखवते आणि विचारते, हा गरम की गार? सगळे एका सुरात म्हणतात, "हॉट!" मग त्याच नक्षत्रातला निळसर पांढरा राजन्य दाखवते. "कूल, मॅम." बाथरूमच्या नळांवरच्या लाल-निळ्या टिकल्यांनी एका अख्ख्या पिढीचं भौतिकशास्त्र बिघडवून ठेवलं आहे. मी हसते आणि दुरुस्त करते. हे मी कुठे शिकले, ते तिथे कधी सांगत नाही. ते सांगायचं तर सगळंच सांगावं लागेल.

माझे बाबा कात्रजच्या पुढे एका छोट्या कारखान्यात भट्टीवर होते. गाड्यांना लागणारे शाफ्ट, म्हणजे हातभर लांबीचे पोलादी दांडे, तिथे भट्टीत तापवायचे आणि तेलात बुडवून कडक करायचे. याला शेडमध्ये सगळे 'पाणी देणं' म्हणत, पाण्याचा एक थेंब नसला तरी. पोलाद कमी तापलं तर मऊ राहतं. जास्त तापलं तर वरून कडक दिसतं, पण आतून ठिसूळ होतं. मधला नेमका क्षण ओळखायचा तो रंगावरून, आणि तो बाबा ओळखायचे. शेडच्या खिडक्यांना त्यांनी गोणपाट लावून घेतलं होतं, कारण बाहेरचं ऊन आत आलं की भट्टीतला रंग फसवतो. ते भट्टीच्या तोंडापासून पाच हातांवर उभे राहायचे. फरशीवर तशी रेघच मारली होती. डाळिंबाच्या दाण्यासारखा रंग आला, त्यावर थोडा उजेड चढला, की ते हात वर करायचे. हात वर झाला की माल बाहेर. वीस वर्षं त्या हातावर तो कारखाना चालला होता.

आम्ही शनिवार पेठेत एका चार मजली इमारतीत दोन खोल्यांत राहायचो. मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला असताना आकाश बघायचं वेड लागलं. घरी येऊन बाबांना ताऱ्यांच्या वर्गवारीचा तक्ता दाखवला. ओ, बी, ए, एफ, जी, के, एम. सगळ्यात तापलेले निळे तारे 'ओ'मध्ये, मग निळसर पांढरे, पांढरे, पिवळट, पिवळे, नारिंगी, आणि शेवटी 'एम'मध्ये लाल. आपला सूर्य 'जी'मध्ये, म्हणजे मधल्याच्या खालच्या घरात. वर्गात हा तक्ता आमच्या डोक्यात बसायला आठवडा लागला होता. बाबांनी तो एकदा वरून खाली वाचला आणि म्हणाले, "यात नवीन काय आहे? लाल म्हणजे गारच की."

मला राग आला. इतकं मोठं विश्व मी त्यांच्यापुढे उलगडत होते आणि हे भट्टीच्या पलीकडे जायला तयार नव्हते. पण नंतर त्यांनी जो प्रश्न विचारला तो आमच्या वर्गात कुणी विचारला नव्हता.

"मंद दिसतो तो तारा गारच असेल असं नाही ना?"

मी म्हटलं, नाही. तो लांब असेल, किंवा लहान असेल. आणि काक्षीसारखा लाल, गार तारा अवाढव्य असला तर लखलखीत दिसतो. म्हणून रंग वेगळा मोजायचा, तेज वेगळं मोजायचं, आणि तेजाचा हिशेब लावण्याआधी तारा किती लांब आहे ते शोधायचं.

"आमचं बरं आहे," बाबा म्हणाले. "आमचं अंतर ठरलेलं. पाच हात. त्यामुळे रंग आणि तेज दोन्ही खरं बोलतं."

त्याच हिवाळ्यात मी त्यांना गच्चीवर नेलं. संध्याकाळी साडेसातच्या सुमाराला पेठेतली वीज जायची, तेव्हा आकाश बऱ्यापैकी दिसायचं. मी एकेक तारा दाखवायचा, त्यांनी नाव न ऐकता रंग सांगायचा, आणि मी टॉर्चवर लाल कागद लावून वहीत लिहायचं. व्याधाला ते म्हणाले, "वेल्डिंगची ठिणगी." रोहिणी, "नारिंगी, संपत आलेली भट्टी." ब्रह्महृदय, "हळदीचा हात लागलेला पांढरा." राजन्य, "निळा, स्वच्छ." कृत्तिकांच्या झुबक्यात त्यांनी सात तारे मोजले. मला सहाच दिसत होते. त्या दिवशी मला माझ्या बापाचा इतका अभिमान वाटला की खाली आल्यावर मी ते पान आईला मोठ्याने वाचून दाखवलं. आई म्हणाली, "घरातला बल्ब गेलाय, तो दिसला का यांना?"

दोन वर्षं गेली. या दोन वर्षांत पुण्याची दारं सगळ्या बाजूंनी उघडली. परदेशी मोटारींचे कारखाने येणार, आले, येत आहेत, असं रोज पेपरात असायचं. जुन्या मोठ्या कारखान्यांत त्याच वेळी स्वेच्छानिवृत्तीचे अर्ज वाटत होते, आणि त्यातली स्वेच्छा कुणाची होती ते सगळ्यांना ठाऊक होतं. आमच्या जिन्यात समोरचे काका पन्नाशीत घरी बसले आणि दिवसभर पायऱ्या मोजत खालीवर करू लागले. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुली संध्याकाळी कॉम्प्युटरच्या क्लासला जात होत्या. मीही जाऊ लागले. बाबा बावन्न वर्षांचे होते. भट्टीचा रंग बघण्यापलीकडे जगाला विकता येईल असं त्यांच्याकडे काही नव्हतं, आणि हे मी त्यांच्यापेक्षा जास्त स्पष्ट बघत होते.

तिसऱ्या वर्षाला प्रकल्प करायचा होता. मी ताऱ्यांचे रंग हाच विषय घेतला आणि फेब्रुवारीत बाबांना पुन्हा गच्चीवर नेलं. जुनी वही सोबत होती. मला नुसती गंमत म्हणून दोन्ही पानं शेजारी ठेवायची होती.

"हा?" मी व्याध दाखवला.

"पिवळट आहे. जरा उतरलेला."

मला वाटलं ते चुकून दुसरीकडे बघतायत. मी हात धरून बोट नीट लावलं. पुन्हा तेच. राजन्याला म्हणाले, "हाही पिवळाच. आजूबाजूला थोडं धुकं आहे." रोहिणी, "तांबडी. विझत आलेली." कृत्तिकांकडे बराच वेळ बघून म्हणाले, "तिथे काही आहे का? एक डाग दिसतोय."

आकाश धुतल्यासारखं स्वच्छ होतं. मला सात नाही, पण सहा तारे टिपता येत होते. मी वहीत काही लिहिलं नाही. इतकी वर्षं आगीकडे बघणाऱ्यांना मोतीबिंदू लवकर होतो, हे मी कुठेतरी वाचलं होतं. मोतीबिंदू झालेल्या डोळ्याला पांढरं पिवळं दिसतं आणि सगळंच मंद दिसतं, हेही मला माहीत होतं. आणि मंद दिसलं की भट्टीवरचा माणूस काय करणार? माल आणखी थोडा वेळ आत ठेवणार. पाच हातांचं अंतर तेच, रेघ तीच. फक्त बघणारा डोळा तो राहिला नव्हता.

"काय गं, बरोबर ना?" बाबांनी विचारलं.

"हो," मी म्हटलं. "आज हवा धुरकट आहे, त्यामुळे."

त्यांनी मान डोलावली आणि आम्ही खाली उतरलो. माझी परीक्षा एप्रिलमध्ये होती. ती झाली की सुट्टीत त्यांना काहीतरी निमित्त काढून डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं, असं मी ठरवलं. आत्ता विषय काढला तर ते कारखान्यात सांगतील, कारखाना म्हणेल घरी बसा, आणि मी परीक्षेला बसायच्या आधी आमच्या जिन्यात पायऱ्या मोजणारे दोघं होतील. दोन महिन्यांचा तर प्रश्न होता. मी स्वतःला असं समजावलं आणि मला ते पटलंही.

पंधरा दिवसांनी बाबा म्हणाले, "शनिवारी कारखान्यात येशील का? मालकांनी बोलावलंय तुला."

झालं होतं असं. एका नव्या परदेशी गिऱ्हाइकाला माल हवा होता, पण प्रत्येक घाण्याचं तापमान कागदावर लिहिलेलं हवं होतं. हात वर करणारा माणूस त्यांना चालणार नव्हता. मालकांनी एक मीटर आणला. पिस्तुलासारखा भट्टीकडे रोखायचा, आतल्या मालाचा उजेड तो मोजतो आणि आकडा दाखवतो. ताऱ्यांचं तापमानही शेवटी असंच त्यांच्या उजेडावरून काढतात. पहिल्याच दिवशी बाबांनी हात वर केला, तेव्हा आठशे पन्नास अंश असायला हवे होते. मीटरने नऊशे दहा दाखवले. तीन दिवस हेच चाललं. सगळी शेड मीटरला हसत होती.

मी गेले तेव्हा मालक दारातच उभे होते. "या. आम्ही तुमच्या वडिलांनाच मीटर म्हणायचो," ते म्हणाले. "आता दोन मीटर झालेत आणि दोघांचं पटत नाही. तुम्ही फिजिक्सच्या. एकाला समजवा."

प्रेसवाले काका तिथेच उभे होते. तेलातून निघालेले शाफ्ट थोडे वाकतात, ते प्रेसखाली दाबून सरळ करण्याचं काम त्यांचं. ते यवतमाळकडचे होते, बाबांच्या डब्यातली भाजी हक्काने खायचे, आणि त्यांच्या बोलण्यात 'ळ'चा 'य' व्हायचा. "त्या पिस्तुलाले काय समजते, पोरी?" ते म्हणाले. "तुह्या बापाचा डोया म्हणजे डोया."

मी माहितीपुस्तक वाचलं. मीटरला एक बारीक बटण होतं. समोरच्या वस्तूचा पृष्ठभाग कसा आहे त्याप्रमाणे ते लावायचं. तापलेल्या पोलादावर काळी खपली धरते, तशा पोलादासाठी पुस्तकात पॉइंट आठ लिहिलं होतं, आणि विकणाऱ्याने बटण तिथेच लावून दिलं होतं. म्हणजे मीटर बरोबर होता. नऊशे दहा हा आकडा खरा होता. ते वाचताना मला कळलं की माझा अंदाज नुसता अंदाज राहिलेला नाही. बाबा सगळ्यांच्या पुढे त्यांच्या रेघेवर उभे होते, भट्टीकडे बघत. ते माझ्याकडे वळून बघत नव्हते. मी काय सांगणार याची त्यांना काळजीच नव्हती.

मी बटण एकवर नेलं.

एक म्हणजे आदर्श काळी वस्तू, जी आपल्या तापमानाला शक्य तितका सगळा उजेड देते. पोलाद तसं नसतं. तारे जवळपास तसे असतात. "आम्ही ताऱ्यांचं तापमान काढताना एकच धरतो," मी मालकांना म्हटलं. "इथेही तेच धरायला हवं." वाक्याचा पहिला अर्धा भाग खरा होता, म्हणून माझा आवाज कापला नाही.

पुढचा घाणा निघाला. बाबांचा हात वर गेला. मीटरने आठशे शेहेचाळीस दाखवले. शेडमध्ये टाळ्या पडल्या. मालक म्हणाले, "चला, मीटरला अक्कल आली." काकांनी मला चहा आणून दिला आणि आपला बशीत ओतून फुंकर मारत म्हणाले, "बापाची पोरगी शोभतेस." परत येताना बसमध्ये बाबांनी मला खिडकीची जागा दिली आणि कंडक्टरला उगाचच सांगितलं, ही माझी मुलगी, फिजिक्सला आहे.

मार्चच्या अखेरीला प्रेसखाली एक शाफ्ट सरळ व्हायच्या ऐवजी तुटला. चांगलं पोलाद आधी थोडं नमतं, मग तुटतं. हे नमलंच नाही. तुकडा उडाला आणि काकांच्या उजव्या मनगटावर बसला. बाबा त्यांना रिक्षातून दवाखान्यात घेऊन गेले आणि रात्री घरी आले तेव्हा त्यांच्या सदऱ्याची पुढची बाजू वाळून ताठ झाली होती. आईने तो भिजत घातला. मी पुस्तक उघडून बसले होते. कुठलं पान होतं ते आज सांगता येणार नाही.

गिऱ्हाइकाकडून दोन माणसं चौकशीला आली. मालकांनी तापमानाची वही पुढे केली. आठशे अठ्ठेचाळीस, आठशे पन्नास, आठशे बावन्न, बाबांच्या ठसठशीत अक्षरात, एकाही ठिकाणी खाडाखोड नाही. तपासणारे खूश झाले. तापवण्यात दोष नाही, म्हणजे दाबण्यात दोष. प्रेसवर गरजेपेक्षा जास्त जोर दिला, असं कागदावर लिहिलं गेलं. चूक कामगाराची.

मी काकांना भेटायला गेले. हात कोपरापर्यंत बांधलेला होता. बोटं टोकाशी दिसत होती आणि ती हलत नव्हती. मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "म्याच जास्त जोर देल्ला, पोरी. मीटर तं बराबर होता ना, तूच लावून देल्ला. तुह्या बापाले म्हणाव, मनाले लावून घेऊ नको." त्यांची बायको स्टुलावर बसून मोसंबी सोलत होती. तिने अर्धी फोड माझ्या हातावर ठेवली. मी ती खाल्ली. ती माझ्या घशाखाली कशी उतरली याचं मला अजून नवल वाटतं.

परीक्षा झाली. मी ठरवल्याप्रमाणे बाबांना डॉक्टरकडे नेलं, अगदी ठरल्या आठवड्यात. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. आता लपवण्यासारखं काही नव्हतं म्हणून मी स्वतः मालकांना सांगायला गेले. ते वैतागून म्हणाले, "अहो, मग आधी सांगायचं! महिनाभर रजा दिली असती. माणसाला डोळे दोनच असतात." बाबांची नोकरी जाईल असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. ते सगळं माझ्या मनात आलं होतं. मी बाहेर येऊन भिंतीला टेकून उभी राहिले. कुणी मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. दीड महिन्याने बाबा पुन्हा भट्टीवर गेले आणि त्या दिवशी दुपारीच घरी आले. हातपाय धुतले नाहीत. माझ्यासमोर बसले.

"मीटर साडेआठशे दाखवतोय," ते म्हणाले, "आणि माल केशरी झालाय. ते बटण कुठे असायला हवं होतं?"

"पॉइंट आठवर."

"तुला तेव्हा माहीत होतं?"

"हो."

"माझे डोळे गेलेत, तेही?"

"हो."

त्यांनी आवाज चढवला नाही. चढवतील म्हणून मी वाट बघत होते. ते म्हणाले, "मला दिसत नव्हतं. तुला दिसत होतं." एवढंच. मग ते उठून आत गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मालकांना सांगितलं की मीटर चुकीचा लागला होता, माल जास्त तापत होता, प्रेसवाल्याची चूक नव्हती. मालकांनी बटण मागे फिरवून घेतलं आणि म्हणाले, "कागद गेलेत. आता पुढचं बघा." तोवर काका बायको-पोरांना घेऊन गावी परत गेले होते. तो हात प्रेसचा दांडा धरण्याजोगा राहिला नव्हता. हजेरीच्या रजिस्टरमधून बाबांनी त्यांच्या गावाचा पत्ता उतरवून आणला आणि मला म्हणाले, "माझ्या नावाने पत्र लिही. चूक त्याची नव्हती हे त्याला कळायला पाहिजे."

मी लिहिलं. तब्येतीची चौकशी केली, आणि लिहिलं की मीटर चुकीचा लावला गेला होता, तुम्ही जोर बरोबरच दिला होता. बाबांनी कागद नव्या डोळ्यासमोर धरून वाचला आणि परत माझ्यापुढे ठेवला.

"कुणी लावला ते लिही."

मी नवा कागद घेतला. त्या आठवड्यात एका सॉफ्टवेअर कंपनीची माझी पहिली मुलाखत होती. त्याचा याच्याशी काही संबंध नव्हता, पण मला तेव्हा सगळ्याचाच संबंध वाटत होता. आणि मोसंबीची फोड आठवत होती. बाबा समोरच होते, वाट बघत. मग मी त्यांच्या नावाने, त्यांच्या तोंडचं म्हणून लिहिलं: पोरीने मीटर बरोबर लावला होता, नंतर मीच तो चुकीचा फिरवला.

बाबांनी ते वाचलं. दोनदा वाचलं. माझ्याकडे बघितलं, आणि खाली सही केली.

पत्र मीच पेटीत टाकलं.